हक्कसोड

फळ्यावर लिहिते: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन.
मागच्या बाकावरून जहागीरदार विचारतो,
"मॅडम, यातलं परीक्षेला किती?"
जहागीरदार धनकवडीत तिघांत एक खोली घेऊन राहतो,
रात्री पार्सलं पोचवतो.
त्याच्या शेजारी सरनोबत, मग पोतनीस, मग दोन देशमुख.
हजेरी घेताना वाटतं दरबार भरलाय
आणि घोडा कुणाकडेच नाही.

अर्लला स्त्रीलिंग नाही, मी सांगते.
ड्यूकची डचेस होते, बॅरनची बॅरोनेस,
अर्लच्या बायकोसाठी मात्र
समुद्रापलीकडून शब्द मागवावा लागला, काउंटेस.
रेवती कुंजीर हात वर न करताच म्हणते,
"आमच्यात पाटलाची पाटलीण होते, मॅडम."
होते ना. सातबाऱ्यावर बघितलीस कधी?
वर्ग हसतो. ती हसत नाही.

थोरल्याला सगळं.
धाकट्याला तलवार, नाहीतर चर्च.
मुलगे नसतील, नुसत्या मुली असतील,
तर थोरली-धाकटी भेद नाही,
जमीन सारखी वाटायची.
पण पदवीचे तुकडे कसे पाडणार?
मग ती लोंबकळत राहते.
कुणाच्या नावे नाही, कुणाची गेलेलीही नाही.
एकीचाच वंश उरेपर्यंत
किंवा राजाला आठवण होईपर्यंत
दोनशे, तीनशे वर्षं कागदात झोपून.
याला मराठीत काय म्हणायचं?
पंचवीस वर्षं शिकवते आहे.
तहकूब म्हणते आणि वेळ मारून नेते.

आम्हाला भाऊ आहे.
तिकडे असतो तर प्रश्नच नव्हता.
इथे कायदा हिस्सा देतो,
म्हणून तर तो सोडायला कागद लागतो.

बुधवारी, हवेलीच्या दुय्यम निबंधकांकडे,
सोपानदादाने रुमालाने माझी खुर्ची पुसली.
वहिनीकडे तीन सारख्या पिशव्या,
तीन बहिणींना तीन साड्या, रंग तेवढे वेगळे.
"माहेर राहावं म्हणून हो," ती म्हणाली,
आणि खरंच तसंच म्हणायचं होतं तिला.
मांजरीचा मळा, गट नंबर चारशे अकरा,
पैकी विहिरीत चार आणे.
इंदूने सही केली.
कुसुम चष्मा विसरली होती,
तिने माझा लावून केली.
मग मी.
सही झाली, अंगठा उमटेना.
"केसांवरून फिरवा, मॅडम. तेल लागतं."
फिरवला. यंत्र लाल.
"शिक्षिका का? खडूनं झिजतं."
ओल्या फडक्यावर. पुन्हा लाल.

तिकडे जमीन द्यायची तर
चार साक्षीदार घेऊन शेतात जायचं,
गवतासकट ढेकूळ उपटून
घेणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचं. कधी एखादी डहाळी.
अक्षर न कळणाऱ्यालाही कळायचं
हातातून काय गेलं ते.
म्हणणार होते, दादा, एक ढेकूळ आण.
पण मळ्यात आता खडी पडली आहे,
विहिरीवर फळ्या, फळ्यांवर सिमेंटची पोती,
रस्त्याकडेला बोर्ड: चौदा मजले, पोहण्याचा तलाव.
दादा आणेलही बिचारा,
पिशवीत घालून, कुठूनतरी.

तेवढ्यात सर्व्हर गेला.
"उद्या या," ऑपरेटर म्हणाला
आणि डबा उघडला. मेथी.
माझी साडी माझ्या मांडीवरच होती.
ठेवावी की परत द्यावी,
कुणालाच सुचेना.
वहिनीने पिशवीची घडी तेवढी नीट केली.

आज गुरुवार.
रेवती विचारते,
"मॅडम, ते तहकूब असतं तेव्हा
तिथलं पीक कोण काढतं?"
मला माहीत नाही. बघून सांगते.
टेबलावर फोन थरथरतो. दादा.
मी खोक्यातून खडूचा नवा तुकडा घेते,
हातातला अजून पुष्कळ उरलेला असताना.